मोटर पाणी सोडते, मग हवा शिरते कुठून?

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. मोटर एअर पकडते आणि पाणी सोडते, म्हणजे नुसतीच फिरते, पाणी फेसाळ येतं, व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) खत ओढत नाही, फवारणी पंप मधेच फुसफुसतो. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळ्या उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. दाबाच्या बाजूला भोक असेल तर पाणी बाहेर येतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढीच्या बाजूला भोक असेल तर हवा आत जाते आणि बाहेर थेंबही पडत नाही. मोटर चालू असताना सक्शनची, म्हणजे ओढीच्या बाजूची गळती ओल बघून शोधायला गेलं तर ती कधीच सापडणार नाही.

प्रश्न (रावेर तालुका) : विहिरीवर ५ एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर) मोटर आहे. सक्शन ३ इंची, डिलिव्हरी अडीच इंची. मृगबागेच्या केळीला ठिबक आहे. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी चांगलं येतं, मग प्रेशर तुटतं, पाणी पांढरं फेसाळ होतं आणि शेवटी मोटर नुसतीच फिरते. फूटव्हॉल्व्ह दोनदा बदलला. मेस्त्री म्हणतो, तिसऱ्यांदा चांगल्या कंपनीचा टाका. टाकावा का?

उत्तर : टाकू नका, पैसे वाया जातील. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची जाळीची एकतर्फी झडप, पाण्यात बुडालेला असतो. त्याचं रबर खराब झालं तर मोटर बंद असताना पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि सकाळी पंप रिकामा सापडतो. पण मोटर चालू असताना त्यातून हवा शिरणार कशी? त्याच्या चारी बाजूंना पाणीच आहे. पाणी बंद मोटरीत उतरतं की चालू मोटरीत सुटतं, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि खानदेशात कित्येक फूटव्हॉल्व्ह दुसऱ्या दुखण्यासाठी विनाकारण बदलले जातात.

तुमचं दुखणं चालू मोटरीतलं आहे. त्यात आधी एक अपवाद तपासा. पाणी सुटायच्या वेळी बॅटरी घेऊन विहिरीत बघा. झरे कमी असतील तर पंधरा मिनिटांत पातळी खाली जाते. फूटव्हॉल्व्हच्या वर निदान २ फूट पाणी राहिलं पाहिजे. त्याहून कमी झालं की पाण्यावर भोवरा पडतो आणि भोवऱ्याच्या मधून हवा थेट जाळीपर्यंत पोहोचते. भोवरा दिसला तर पाइप वाढवा, पण जाळी तळापासून फूटभर तरी वर ठेवा, नाहीतर गाळ ओढला जाईल. पाइप वाढला म्हणून उचल वाढत नाही. ती पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतच मोजायची असते.

पातळी ठीक असेल तर हवा पाण्याच्या वरच्या भागात, म्हणजे पाइपाचे जोड, बेंड, फ्लँजचं (बोल्टांनी जोडलेल्या चकत्यांचं) पॅकिंग, पाणी भरायचा प्लग किंवा ग्लँड (शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथली दोरी भरलेली जागा) यांपैकी कुठूनतरी शिरते आहे. बारीकशा भोकानं एवढं बिघडतं याचं कारण पंपाच्या कामात आहे. इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, पाणी गरगर फिरवून कडेला फेकतो आणि त्यामुळे मध्यभागी ओढ तयार होते. हवा पाण्यापेक्षा साधारण आठशे पट हलकी असल्यानं ती कडेला फेकली जात नाही, इम्पेलरच्या डोळ्यात, म्हणजे मध्यभागीच साठत राहते. पाण्यात पाच-सात टक्के हवा मिसळली तरी साधा पंप पाणी सोडू शकतो. सुरुवातीची दहा मिनिटं पाणी चांगलं येतं ते हवा साठायला वेळ लागतो म्हणून.

आता शोध. मेन स्विच काढा आणि कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करा. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच असेल तर तोही बंद करा. पंपाच्या डोक्यावरचा प्लग काढून काठोकाठ पाणी भरा आणि प्लग उघडाच ठेवा. पंप विहिरीच्या पाण्यापासून ५ मीटर वर असेल, तर आता पाइपातलं ५ मीटर पाणी आतून बाहेर दाब देत आहे. चालू असताना जिथून हवा आत जात होती, तिथून आता पाणी बाहेर येईल. पाइप कोरड्या फडक्यानं पुसा आणि अर्धा तास थांबा. प्रत्येक जोडाखाली बोट फिरवा, विशेषतः खालच्या बाजूनं. जोड कोरडे आणि पातळी मात्र उतरते, तर दोष फूटव्हॉल्व्हमध्ये आहे.

या चाचणीची एक मर्यादा लक्षात ठेवा. पंपाजवळच्या जोडांवर वीतभरच पाणी असतं, त्यामुळे तिथलं भोक ओलं होत नाही, आणि नेमकी तिथेच ओढ सर्वांत जास्त असते. त्यासाठी प्लगच्या जागी त्याच आट्याचा ४-५ फूट पाइप उभा बसवा आणि तो वरपर्यंत भरा. एवढा भार पंपाजवळची फ्लँज आणि ग्लँड बोलकी करायला पुरतो.

तरी सापडलं नाही तर मोटर चालू करून बघा. दाढीच्या क्रीमचा किंवा साबणाचा घट्ट फेस एकेका जोडावर गोल लावत जा. जिथे फेसाला खड्डा पडून तो आत ओढला जातो, तिथे भोक आहे. वारा नसेल तर पेटती उदबत्ती जोडाभोवती फिरवा, धूर फटीकडे वाकतो. ओल्या मातीचा गोळा दाबूनही कळतं. बरोबर जागी दाबला की पंपाचा तडतड आवाज थांबतो. फिरत्या शाफ्टजवळ हात नेऊ नका, आणि विहिरीच्या काठावर एकट्यानं हे काम करू नका.

दुरुस्तीत पळवाटा नकोत. फ्लँज गळत असेल तर जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग लख्ख करा आणि ३ मिलिमीटर जाडीच्या रबरी शीटचं एकच पॅकिंग कापा. ट्यूबचे दोन तुकडे एकावर एक ठेवले तर मधून हवा जातेच. बोल्ट समोरासमोरचे आलटूनपालटून आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर पॅकिंग तिरकं बसतं. लोखंडी आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे बसण्याच्या दिशेनं आठ-दहा वेढे घ्या, किंवा सफेदा लावून ताग गुंडाळा. पीव्हीसीचा सोल्यूशनचा जोड हलत असेल तर वरून एम-सील लावून तो टिकत नाही. तेवढा तुकडा कापून नवा सॉकेट टाकावा लागतो. सोल्यूशन लावायच्या आधी पाइपाची कड कानशीनं तिरकी करा, धूळ-ओल पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, पाव आटा फिरवत घुसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी सोल्यूशन ब्रश फिरेपर्यंत वाळतं. हे काम सकाळी सातच्या आतच करा आणि जमल्यास मोटर दुसऱ्या दिवशी चालू करा.

पॅनेलवर अँपिअरचा काटा असेल तर तोही साक्ष देतो. ५ एचपीची थ्री फेज मोटर भरल्या कामावर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. हवा शिरली की काटा खाली येऊन थरथरतो. तसा दिसला की मोटर बंद करा. कोरडी फिरली तर सील जळतं आणि मूळ खर्चाला दुसरा खर्च चिकटतो.

प्रश्न (चाळीसगाव तालुका) : रात्रीची लाइट असते, म्हणून ऑटो स्विच लावला आहे. कधी रात्रभर पाणी चालतं, तर कधी सकाळी बघावं तो मोटर तापलेली आणि शेत कोरडं. शेणकाला ओतला की दोन दिवस बरं चालतं.

उत्तर : तुमचं दुखणं मात्र फूटव्हॉल्व्हचंच आहे. लाइट जाते, झडपेतून पाणी हळूहळू उतरतं, लाइट परत येते आणि ऑटो स्विच रिकामा पंप चालू करतो. शेणकाल्यातले तंतू झडपेच्या फटीत बसतात आणि पाणी थोडा वेळ थोपवतात. सोडपाण्याच्या शेतात एखाद्या अडचणीच्या संध्याकाळी ते चालून जाईल. ठिबक असेल तर अजिबात करू नका, कारण तेच तंतू फिल्टरमध्ये आणि पुढे ड्रीपरमध्ये जाऊन बसतील.

फूटव्हॉल्व्ह वर काढा. बऱ्याचदा झडपेखाली वाळूचा खडा, पालापाचोळा किंवा गंजाची खपली अडकलेली असते. बैठक घासून स्वच्छ करा, रबराची चकती कडक किंवा खाचलेली असेल तर फक्त चकती बदला. मग तो पाइपाच्या हातभर तुकड्याला लावून उभा टांगा, वरून पाणी भरा आणि दहा मिनिटं बघा. एक थेंबही पडायला नको. ही चाचणी बांधावर दहा मिनिटांची आहे. न करताच तो विहिरीत सोडला तर पुन्हा सगळा पाइप उपसावा लागतो.

जोपर्यंत पंप रात्रभर भरलेला राहतो याची खात्री नाही, तोपर्यंत ऑटो स्विच काढून ठेवा. कोरडं फिरणं ओळखून मोटर बंद करणारं ड्राय रन यंत्र पॅनेलमध्ये बसवून घ्या. मोटर एकदा गुंडाळायला जो खर्च येतो, त्या मानानं ते स्वस्त पडतं.

प्रश्न (साक्री तालुका) : खडकातली खोल विहीर आहे. पावसाळ्यात मोटर झकास चालते. मार्चनंतर हवा धरते, मे महिन्यात तर चालतच नाही. पाइप, जोड सगळं तेच आहे. मग उन्हाळ्यातच का?

उत्तर : कारण उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि ओढ वाढते. पंप खरं म्हणजे पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावरची वातावरणाची हवा पाणी वर ढकलते. समुद्रकाठी ती जास्तीत जास्त १०.३३ मीटर ढकलू शकते. आपल्याकडे दोनशे-तीनशे मीटर उंचीवर हा आकडा १० मीटरच्या आसपास येतो. त्यातून पाइपातलं घर्षण, फूटव्हॉल्व्हची अडवणूक आणि कोमट पाण्याची वाफ वजा करा. व्यवहारात ६ मीटर, फार तर ७ मीटर उचल धरावी. पंपाच्या केंद्रापासून पाण्यापर्यंत टेप सोडून स्वतः मोजा. अंदाज नेहमी कमी निघतो.

जोडांत बारीक भोक असेल तर उन्हाळ्यात तेही जास्त नडतं. समजा पावसाळ्यात पाणी ३ मीटरवर आहे आणि मे महिन्यात साडेसातवर. ओढ अडीच पट झाल्यानं त्याच भोकातून हवा सुमारे दीडपट वेगानं शिरते. शिवाय आत शिरलेली हवा कमी दाबात फुगते. ३ मीटर उचलीला ती जवळपास दीडपट फुगते, साडेसात मीटरला चौपट. पावसाळ्यात पंप जी हवा पाण्याबरोबर पचवून टाकतो, तीच हवा मे महिन्यात त्याचा घात करते.

दोहोंपैकी नेमकं काय झालंय हे ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज सांगतो. तो पंपाच्या सक्शन फ्लँजजवळ बसवा. १ मीटर उचलीला सुमारे ७४ मिलिमीटर पारा असा हिशोब धरा. उचल ५ मीटर असेल तर ३७० आणि वर घर्षणाचे काही, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास काटा हवा. पाणी कमी आणि काटा अपेक्षेपेक्षा वर, तर जाळी तुंबली आहे किंवा उचल जास्त झाली आहे. पाणी कमी आणि काटाही खाली, हलता, तर हवा शिरते आहे. पंपात खडी घोळल्यासारखा आवाज आणि वर गेलेला काटा एकत्र आले तर पाण्याची वाफ होऊन फुटते आहे. असा पंप चालू ठेवला तर इम्पेलरला वाळवी लागल्यासारखी भोकं पडतात.

उचल जास्त निघाली तर उपाय एकच, पंप पाण्याजवळ न्या. विहिरीत लोखंडी गर्डरवर माचा करून पंप पाण्यापासून साडेचार-पाच मीटरच्या आत ठेवा. खाली नेल्यानं मोटरीवर भार वाढेल ही भीती नको. सक्शन कमी होते तेवढीच डिलिव्हरी वाढते, एकूण उचल तीच राहते. मृग लागायच्या आधी मात्र मोटर वर काढा, एका मोठ्या पावसात माचा बुडतो. नवीन घ्यायचीच असेल तर ओपनवेल सबमर्सिबल घ्या. ती पाण्यातच बसते, तिला सक्शन पाइपच नाही.

प्रश्न (चोपडा तालुका) : तापीच्या काठावर पंप आहे. दरडीवरून लांब सक्शन पाइप टाकला आहे. सगळे जोड नवे केले, फेस लावून पाहिला, तरी तासाभरात पाणी तुटतं.

उत्तर : भोक नसेल तर पाइपाची चाल बघा. नदीकडून पंपाकडे पाइप सतत चढता असला पाहिजे, मीटरमागे किमान १ ते २ सेंटीमीटर. मधे दरडीवर तो उंटाच्या पाठीसारखा उचलला गेला असेल तर त्या उंचवट्यात पाण्यातून सुटणारी हवा साठते. पाण्यात मुळातच हवा विरघळलेली असते, ओढ लागली की ती बुडबुडे होऊन बाहेर पडते. उंचवटा भरला की हवेचा मोठा गोळा एकदम पंपात जातो. तुमचं तासाभरानं तुटणं याच प्रकारातलं वाटतं. दोरी ताणून पाणपातळी लावा, उंच भाग खोदून खाली घ्या, लोंबणाऱ्या भागाखाली टेकू द्या.

पंपाजवळ ४ इंचीवरून ३ इंचीवर येताना मधला रिड्यूसर कोणता आहे? दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता असेल तर त्याच्या वरच्या अंगाला हवा अडकते. वरची बाजू सपाट आणि खालची तिरकी असा एका अंगाचा रिड्यूसर घ्या. पंपाच्या तोंडाला लगेच बेंड नको, आधी दीड-दोन फूट सरळ पाइप हवा.

लांब पाइपासाठी सक्शन एक साइज मोठी ठेवा आणि जोड कमीत कमी. उघड्यावरचा पीव्हीसी उन्हात वाढतो, रात्री आकसतो. ६ मीटरचा एक पाइप ३० अंशांच्या फरकानं सेंटीमीटरभर लांबी बदलतो आणि ही ओढाताण रोज जोडांवर येते. जमेल तेवढा पाइप मातीखाली घ्या, उरलेल्याला चुना मारा. ऊन लागून ठिसूळ झालेला पाइप दगडाच्या एका ठोक्यानं केसासारखा तडकतो आणि ती तडक बघून दिसत नाही.

प्रश्न (पारोळा तालुका) : पंपाच्या ग्लँडमधून थेंब पडतात म्हणून दोरी घट्ट आवळली. थेंब थांबले, पण आता पंप हवा घेतो आणि शाफ्ट तापतो.

उत्तर : ते थेंब पडायलाच हवे होते. दोरी भरलेली ग्लँड मिनिटाला ४० ते ६० थेंब टाकते तेव्हा ती नीट चालते. पाणी शाफ्ट थंड ठेवतं, शिवाय फटीत पाणी असलं की हवेला वाट राहत नाही. आवळल्यानं दोरी कोरडी पडली, जळून कडक झाली आणि आता तिच्या कडेनं हवा जाते. काही पंपांत केसिंगपासून ग्लँडपर्यंत पाणी नेणारी बारीक नळी असते. ती गाळानं तुंबली तरी हेच होतं, म्हणून आधी ती तारेनं मोकळी करा.

जुनी दोरी सगळी काढा, तळाचा शेवटचा वेढासुद्धा. नवी ग्राफाइटची दोरी शाफ्टवर गुंडाळून ४५ अंशांत तिरकी कापा, म्हणजे प्रत्येक कडं सुटं होईल. कडी एकेक करून बसवा आणि त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, पाव वेढा पुढे सरकवा. ग्लँडचे नट हातानं लावा, मोटर चालू करून थेंब बघत पाव-पाव आटा आवळा. शाफ्टवर दोरीनं घासून खाच पडली असेल तर स्लीव्ह (शाफ्टवरची बाही) बदलल्याशिवाय कितीही दोरी भरून उपयोग नाही. कुणाच्या मोनोब्लॉकमध्ये दोरीऐवजी मेकॅनिकल सील असेल तर तिथे थेंबही नको. गळली की सील बदलायचं.

प्रश्न (शहादा तालुका) : पपईला व्हेंच्युरीतून खत देतो. नळीत नुसते बुडबुडे पळतात, खताची टाकी तशीच भरलेली राहते.

उत्तर : नळी व्हेंच्युरीपासून काढा आणि सक्शनच्या तोंडावर बोट ठेवा. बोट जोरात ओढलं गेलं तर व्हेंच्युरी ठीक आहे आणि दोष नळीत आहे. नळीचं टोक चिरलेलं असेल, क्लिप सैल असेल किंवा टाकीतली जाळी पाण्याबाहेर आली असेल. चिरलेलं टोक दोन बोटं कापून पुन्हा घट्ट बसवा. उन्हानं कडक झालेली नळी बदलाच.

बोटाला ओढ लागली नाही तर दाबाचा फरक कमी आहे. व्हेंच्युरीच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज असू द्या. आधी दीड किलो असेल तर नंतर १ किलोच्या आसपास यायला हवा. त्यासाठी दोघांमधला मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत न्या. व्हेंच्युरीवरचा बाण पाण्याच्या दिशेनं आहे ना, तेही बघा, कारण धुऊन परत लावताना ती उलटी बसते. पुढे लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुवायचे राहिले असतील तर व्हेंच्युरीच्या पुढचा दाब वाढून ओढ थांबते.

टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. तळाशी थोडं द्रावण असतानाच सक्शनचा कॉक बंद करा, नाहीतर हवा थेट ठिबकमध्ये जाते. नंतर पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी चालवा.

प्रश्न (अमळनेर तालुका) : कपाशीवर फवारणीसाठी १६ लिटरचा बॅटरी पंप आहे. टाकी भरलेली असताना ठीक, अर्धी झाली की फवारा तुटतो. टाकीच्या भिंतीही आत ओढल्यासारख्या दिसतात.

उत्तर : भिंती आत जातात म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट बंद आहे. इथे दुखणं उलटं आहे. औषध बाहेर जाईल तितकी हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकीतच ओढ तयार होते आणि पंपाला पाणी मिळत नाही. फवारताना झाकण अर्धा आटा सैल करून बघा. फवारा लगेच सुधारला तर झाकणातलं हवेचं भोक तुंबलं आहे. बहुतेक झाकणांत त्यावर छोटी रबरी झडप असते, ती पावडरीच्या औषधानं चिकटते. कोमट पाण्यात भिजवून बारीक तारेनं मोकळी करा. झाकण सैल ठेवून फवारू नका, वाकलात की औषध पाठीवर येतं.

झाकण ठीक असूनही फवारा तुटत असेल तर टाकीच्या तळापासून मोटरीकडे जाणारी आतली नळी तपासा. तिला वरच्या भागात चीर असेल तर टाकी भरलेली असेपर्यंत चीर पाण्याखाली असते. पाणी खाली उतरलं की ती उघडी पडते आणि हवा घेते. टाकी रिकामी करून नळी वाकवून बघा, क्लिप बदला. नंतर हवा काढायला लान्स (फवाऱ्याची दांडी) खाली धरा आणि फुसफूस थांबेपर्यंत ट्रिगर उघडा ठेवा.

या सगळ्या चाचण्या स्वच्छ पाण्यावर करा, पंप तीन वेळा विसळून, हातमोजे घालून. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना टूथब्रश वापरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. गळका पंप पाठीवर घेऊन फवारणं म्हणजे दिवसभर औषधात भिजणं. असा पंप त्या दिवशी बाजूला ठेवा, फवारणी उद्यावर गेली तरी चालेल.

प्रश्न (यावल तालुका) : बोअरची सबमर्सिबल पाण्याबरोबर हवा फेकते. कुठला जोड बघू?

उत्तर : जोड बघण्याआधी पाणी मोजा. सबमर्सिबलला सक्शन पाइप नसतो. पाण्याबरोबर सतत हवा येते म्हणजे पातळी पंपाच्या तोंडापर्यंत उतरली आहे. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात भूजल खोल जातच आहे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून उपसा झऱ्याएवढा करा. हवा थांबली तर निदान पक्कं झालं. मग जागा असेल तर पंप खाली सोडा. फक्त चालू करताना मिनिटभर हवा येत असेल तर पंपावरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे आणि पाइप रिकामा होतो आहे. तो पुढच्या वेळी पंप वर काढाल तेव्हा बदला.

प्रश्न (पाचोरा तालुका) : शेत उताराचं आहे. इनलाइन ठिबकचे वरच्या बाजूचे ड्रीपर चिखलानं बंद होतात. फिल्टर स्वच्छ आहे, मग चिखल येतो कुठून?

उत्तर : बाहेरून, ड्रीपरच्याच भोकांतून. मोटर बंद झाली की सबमेनमधलं (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपातलं) पाणी उताराकडे धावतं आणि वरच्या टोकाला ओढ तयार होते. लॅटरल ओल्या मातीवर पडलेले असतात, तेव्हा ड्रीपर पाण्याऐवजी गढूळ माती आत घेतो. रोज थोडी थोडी अशी माती जाऊन महिन्या-दोन महिन्यांत ओळ बंद पडते.

इथे हवेला मुद्दाम वाट करून द्यायची आहे. सबमेनच्या सर्वांत उंच जागी, व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला, एक इंची एअर व्हॉल्व्ह उभा बसवा. पाणी चालू होताना तो आतली हवा सोडतो, बंद होताना बाहेरची हवा आत घेतो आणि ओढ मोडतो. दोन प्लॉट असतील तर प्रत्येक सबमेनला वेगळा लागेल; मेन लाइनवरचा एकच व्हॉल्व्ह बंद कॉकच्या पलीकडे काम करत नाही. आतला चेंडू धुळीनं अडकतो, तो हंगामातून एकदोनदा काढून धुवा. व्हॉल्व्हमधून सतत पाणी उडत असेल तर चेंडूखालचं रबर बदला, तोंडाला बूच मारू नका. लॅटरल पसरताना ड्रीपरचं तोंड वर राहील असं बघा. आधीच तुंबलेल्या ओळींची शेवटची टोकं एकेक करून उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत जोरात वाहू द्या.